अर्धा बदललेला नकाशा

2015 च्या महापालिका निवडणुकीआधी इंदूरच्या हद्दीत 29 गावं आली आणि वॉर्ड 69 चे 85 झाले. वर्तमानपत्राला ही बातमी दोन ओळींत पुरते. नकाशा सांभाळणाऱ्या माणसाचं काम तिथून सुरू होतं. जुने वॉर्ड काढायचे, नवे आखायचे, शेजारच्यांच्या सीमा सरकवायच्या आणि मग एकेका घराच्या, नळाच्या, दिव्याच्या खांबाच्या नोंदीत नवा वॉर्ड क्रमांक भरायचा. तेवढ्यावर शहर थांबतं असंही नाही. 2025 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने बीआरटीएस ही बसची राखीव मार्गिका काढायला परवानगी दिली, 31 मेला मेट्रो धावली. म्हणजे नकाशातला रस्त्यांचा थर, अर्थात लेयर, पुन्हा उघडा आणि स्थानकांचा नव्याने भरा.

अशा लेयरमध्ये बदल करणारी सॉफ्टवेअर जावात लिहिणं हा माझा धंदा. घरी कुणी विचारलं तर ‘नकाशे दुरुस्त करतो’ एवढंच सांगतो. रेघ कुठे ओढायची ते मोजणीवाला ठरवतो, त्यात मला डोकं चालवावं लागत नाही. माझी डोकेदुखी पुढची आहे: दुरुस्ती चालू असताना इतरांना काय दिसतं, आणि ती मध्येच तुटली तर मागे काय उरतं.

आम्ही वापरतो ती लायब्ररी म्हणजे जिओटूल्स. 1996 मध्ये इंग्लंडातल्या लीड्स विद्यापीठात जेम्स मॅकगिल यांनी ती सुरू केली. आज ती खुल्या स्रोताची आहे, आणि जिओसर्व्हर हा कचेऱ्यांमध्ये सर्रास दिसणारा नकाशा-सर्व्हर तिच्याच पायावर उभा आहे. या लायब्ररीला तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही, तर प्रत्येक बदल केल्याक्षणी पक्का होतो. याला ऑटो कमिट म्हणतात. एखाद्या घराच्या मालकाचं नाव दुरुस्त करायचं असेल तर ते सोयीचंच आहे.

आता कामाला नव्याने आलेल्या मुलांना मी जो धडा देतो तो पाहा. कान्ह नदीच्या काठचा एक वॉर्ड घ्यायचा आणि त्याचे दोन करायचे. पाहणाऱ्याला ही एक रेघ आहे. संगणकाच्या लेखी जुनी नोंद काढणं, दोन नव्या घालणं, शेजारच्या वॉर्डाची सीमा सुधारणं आणि घरांचे वॉर्ड क्रमांक बदलणं अशी पाच-सहा वेगळी कामं आहेत. ऑटो कमिटवर ती करायला घेतली आणि दुसरा नवा वॉर्ड घालताना वीज गेली, तर जुना वॉर्ड गेलेला, नवा एकच आलेला, आणि नकाशात नदीकाठी एक भोक. त्या भोकातली घरं कुठल्याच वॉर्डात नाहीत. त्याच वेळी मालमत्ता कराची बिलं काढणारा कुणी असेल तर त्याच्या यादीतून ती घरं गुपचूप गळतात. संगणक तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने झालेलं प्रत्येक काम बरोबरच झालेलं असतं.

म्हणून ट्रान्झॅक्शन. कोडात ते पाच-सात ओळींचं असतं: एक ट्रान्झॅक्शन तयार करायचं, ज्या लेयरमध्ये बदल करायचे त्याला ते जोडायचं, सगळे बदल करायचे, सुरळीत झालं तर कमिट, काहीही बिनसलं तर रोलबॅक, म्हणजे सगळं पूर्ववत, आणि शेवटी काहीही झालं तरी क्लोज. कमिट होईपर्यंत बाकीच्यांना जुनाच वॉर्ड दिसतो. फक्त तुमच्या ट्रान्झॅक्शनमधून पाहिलं तर नवे दोन दिसतात.

सातबारा पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. तलाठी फेरफाराची नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबारावर नाव चढतं. तोवर जुना सातबारा खरा. आमच्या मध्य प्रदेशात याला नामांतरण म्हणतात. 2022 मध्ये दतिया आणि सीहोर जिल्ह्यांत सायबर तहसील सुरू झाली, तेव्हा अर्जाशिवाय आपोआप होणारं नामांतरण वाद नसलेल्या आणि अख्खा खसरा (सर्व्हे क्रमांक) विकलेल्या प्रकरणांपुरतंच ठेवलं होतं. आमच्या धंद्यातला माणूस हे वाचून मान डोलावतो. अख्खा खसरा विकला तर एका नोंदीत नाव बदलतं. तुकडा विकला की बटांकन, म्हणजे पोटक्रमांक पाडणं, आलं, नकाशा फाडायचा आला, आणि एका नोंदीचं काम चार नोंदींचं झालं.

नकाशाची आणखी एक अडचण बँकेच्या खातेवहीला नाही. ट्रान्झॅक्शनची संकल्पना बांधेसूद केली ती जिम ग्रे आणि त्यांच्या पिढीच्या डेटाबेसवाल्यांनी, 1970 च्या दशकात. त्यांच्या उदाहरणात एका खात्यातून गेलेले पैसे दुसऱ्यात जमा झाले की हिशेब लागतो, आणि बेरीज करून तो पडताळता येतो. शेजारच्या दोन वॉर्डांची सामाईक सीमा मात्र आपल्या नेहमीच्या लेयरमध्ये दोनदा लिहिलेली असते, याच्या नोंदीत एकदा आणि त्याच्या नोंदीत एकदा. दोन्ही रेघा एकच आहेत हे फक्त माणसाला ठाऊक असतं. एकातला बिंदू हलवला आणि दुसऱ्यातला राहिला, तर मध्ये चिंचोळी फट पडते किंवा दोन वॉर्ड एकमेकांवर चढतात. कमिट तेही बिनबोभाट पक्कं करतं.

तेव्हा कमिटच्या आधी एक तपासणी हवी, आणि ती त्याच ट्रान्झॅक्शनच्या आत हवी. आपले अजून पक्के न झालेले बदल आपल्याला दिसतात, त्याचा फायदा इथे घ्यायचा. नवे दोन वॉर्ड वाचायचे, त्यांचा संयोग काढायचा आणि जुन्या वॉर्डाशी ताडून पाहायचा. हे भूमितीचं काम मार्टिन डेव्हिस यांची जेटीएस ही लायब्ररी करते. आपलं इंदूर 75.86 अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे यूटीएम या नकाशा-प्रक्षेपाच्या 43 व्या पट्ट्यात आहे. त्या प्रक्षेपात क्षेत्रफळ थेट चौरस मीटरमध्ये मिळतं. अंशांमध्ये फरक काढत बसलात तर आलेल्या आकड्याचा अर्थ कुणालाच लागणार नाही. फरक शून्य येईल अशी अपेक्षाही धरू नका. दोन रेघांचा छेदबिंदू दशांशात गोल होतो आणि मूळ रेघेवर तंतोतंत बसत नाही. किती फरक चालवून घ्यायचा ते आधी ठरवा, त्याहून जास्त आला तर रोलबॅक.

इथवर सगळं मुलांना पटतं. मग मी विचारतो की ट्रान्झॅक्शनचा शब्द पाळतं कोण? पुष्कळांचं उत्तर असतं, ‘लायब्ररी’. तसं नाही. जिओटूल्स डेटाच्या सगळ्या साठ्यांना एकाच तोंडाने कमिट म्हणते, पण मागे काय आहे त्यावर त्या शब्दाचं वजन ठरतं. मागे पोस्टजीआयएससारखा डेटाबेस असेल तर भार तोच उचलतो, आणि तो उचलण्यात त्याची हयात गेलेली आहे. मागे शेपफाइल असेल तर लायब्ररी तुमचे बदल स्मरणात धरून ठेवते आणि कमिटच्या वेळी नव्या फाइली लिहून त्या जुन्यांच्या जागी ठेवते. एका शेपफाइलच्या निदान तीन फाइली: आकारांची, सूचीची आणि माहितीच्या तक्त्याची. तिन्ही बदलेपर्यंत मध्ये क्षणभर का होईना, फट उघडी असते. त्यात शेपफाइलमध्ये नोंदीची ओळख म्हणजे तिचा ओळ क्रमांक. मधली एक नोंद काढली की खालच्या सगळ्यांची ओळख सरकते. काल ज्याला 12 नंबरचा म्हणत होतात तो आज 11.

दोन वेगवेगळे साठे एकाच ट्रान्झॅक्शनला जोडता येतात, आणि लायब्ररी हूं की चूं करत नाही. हे तर आणखी फसवं. कमिट म्हटल्यावर ती एकामागून एक साठ्याला कमिट करायला लावते. पहिला पक्का झाला आणि दुसरा अडला, तर अपवाद फेकला जातो, पण पहिला परत फिरत नाही. वॉर्ड एका डेटाबेसात आणि घरं दुसऱ्यात ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

किरकोळ वाटणारी पण रोज छळणारी गोष्ट क्लोजची. डेटाबेसशी जोडण्या मोजक्या असतात. जिओटूल्समध्ये मुळात 10. ट्रान्झॅक्शन बंद केलं नाही की त्याने धरलेली जोडणी परत येत नाही. सकाळी सगळं छान चालतं, दुपारनंतर अकरावा माणूस ताटकळतो आणि फोन येतो, ‘सर्व्हर स्लो आहे’. सर्व्हर बिचारा ठणठणीत असतो.

याहून मोठा पेच माणसाच्या वेगाचा आहे. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन सेकंदांच्या हिशेबाने बनलेलं. वॉर्ड आखणारा माणूस दुपारभर आखतो, मध्ये छप्पन दुकानवर पोहे खाऊन येतो. तेवढा वेळ ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलं तर त्याने हात लावलेल्या नोंदी कुलूपबंद राहतात आणि पलीकडच्या टेबलावरची बाई चक्र फिरताना बघत बसते. म्हणून आखणी बाहेर करायची, बदल एडिटरमध्ये साठवायचे आणि ‘सेव्ह’ दाबल्यावरच छोटं ट्रान्झॅक्शन उघडून, सगळं ओतून, लगेच बंद करायचं. वेबवरून जिओसर्व्हरमार्फत काम होत असेल तर एकाच विनंतीत घालणं, सुधारणं, काढणं सगळं पाठवता येतं, आणि हवं तर मुदतीचं कुलूपही मागता येतं. मुदत संपली की ते आपोआप सुटतं. या मुदतीवर माझा फार जीव आहे, कारण कुलूप लावून सुट्टीवर जाणारी माणसं सगळीकडे असतात.

पण कुलूप न लावता काम केलं, तर मधल्या तासात त्याच वॉर्डात दुसऱ्या कुणी बदल केला नाही हे कशावरून? प्रत्येक नोंदीत आवृत्ती क्रमांक ठेवायचा आणि सुधारताना अट घालायची: मी 7 वी आवृत्ती पाहिली होती, अजून 7 वीच असेल तरच बदल. इथे जिओटूल्सवर माझी एक तक्रार आहे. सुधारणेची आज्ञा दिल्यावर ती किती नोंदी बदलल्या हे सांगत नाही. अट न जुळून एकही बदलली नाही तरी ती गप्प. मग बदलाबरोबर आपला संपादन क्रमांक टाकायचा, त्याच ट्रान्झॅक्शनमधून नोंद परत वाचायची आणि तो बसला का पाहायचं. नसेल बसला तर रोलबॅक, आणि माणसाला दोन्ही आकृत्या शेजारी दाखवायच्या. कुणाची रेघ खरी हे ठरवायचा अधिकार आमच्या कोडाला नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी. सगळा लेयर पुसून नव्याने भरण्याची एक आज्ञा लायब्ररीत आहे, आणि आळशी कोड तिचाच आसरा घेतो. पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडी अहवाल दिला. जुन्या पेठा सरसकट पाडण्यापेक्षा थोडकी, नेमकी काटछाट करून रस्ते मोकळे करावेत, हा त्यांचा आग्रह होता. लेयरलाही तेच लागू. चार नोंदी बदलायच्या तर चारच बदला. बाकीच्यांची ओळख शाबूत राहते आणि बिघडलं तर शोधायचं कुठे ते कळतं.

कुठले बदल एकत्रच व्हायला हवेत, हे मात्र जिओटूल्सच्या पानांत सापडणार नाही. ते महसूल निरीक्षक सांगेल, वॉर्ड कार्यालयातला कारकून सांगेल. कोड लिहिण्याआधी त्यांच्यासमोर बसून विचारा की यातलं एक झालं आणि दुसरं राहिलं तर तुमचं काय अडतं? आणि तुमच्या कचेरीत वॉर्डांचा लेयर अजून शेपफाइलमध्ये असेल, तर पहिलं काम म्हणून तो पोस्टजीआयएसमध्ये न्या. लेयर एवढाच असेल तर एका दुपारीत होतं.