मस्टरवरचा गवंडी

विरत घातलेल्या चुन्याचा वास एकदा नाकात बसला की लवकर जात नाही. कळीच्या चुन्यावर पाणी पडतं, तो फसफसतो, तापतो, आणि त्या वाफेत काहीतरी कोरडं, किंचित झोंबणारं असतं. जुन्या इमारतींभोवती परांच्या आजही दिसतात, पण त्यांच्याखालून जाताना हा वास क्वचितच येतो. आला की मला पहिली चौकशी करावीशी वाटते ती माणसाची : हा चुना कोणी भिजवला, आणि तो किती वर्षं हे काम करतो आहे? जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर, सिंधुदुर्ग धरून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तेव्हाही माझं मन तिथेच अडलं. अभिमान रास्त होता. पण या तटांच्या दरजा पुढची तीस वर्षं कोण भरणार, हे त्या जल्लोषात फारसं कोणी विचारलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जुनी वास्तू टिकवण्यासाठी दगड-चुन्याइतकीच गरज असते ती त्याच वास्तूवर वर्षानुवर्षं राबलेल्या नोकराची. आपली व्यवस्था मात्र त्याला दर ठेक्यागणिक नवा करून टाकते.

हे भावुकपणे म्हणत नाही. कारण चुन्याच्या स्वभावातच आहे. चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाण्यात विरलेला हा चुना भिंतीत गेला की हवेतला तोच वायू हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड व्हायला लागतो. ‘हळूहळू’ म्हणजे काही दिवस नाहीत. जाड भिंतीच्या पोटात हे काम वर्षानुवर्षं चालतं. तोवर त्याला ओल लागते, पण फार नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो वरवर वाळून भुसभुशीत होतो म्हणून गोणपाटं भिजवून लावायची, आणि कोकणात तर पावसाळ्याआधी त्याला पुरेसं वय मिळेल अशा बेताने काम उरकायचं. सिमेंट या सगळ्या कटकटीतून सोडवतं. १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, आणि घाई असलेल्या प्रत्येकाला एक साधन मिळालं. पण जुन्या, मऊ दगडांच्या मध्ये सिमेंटची दरज भरली की भिंतीतलं पाणी दरजेतून बाहेर पडू शकत नाही. ते दगडातून वाट काढतं, सोबतचे क्षार दगडाच्या तोंडाशी साखळतात, आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दरज ठणठणीत राहते, दगड झिजतो. हे दिसायला कित्येक पावसाळे जावे लागतात. तोवर ठेकेदाराची हमीची मुदत संपलेली असते, बिल निघालेलं असतं, गवंडी दुसऱ्या जिल्ह्यात टॉवरला गिलावा करत असतो. आपण केलेल्या कामाचं काय झालं हे ज्याला कधी कळतच नाही तो त्यातून शिकणार कसा? एकाच वास्तूवर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला हा निकाल रोज येता-जाता दिसतो. त्याचं ज्ञान यातूनच घडतं. चुन्यात गूळ किती, हिरडा किती, सुरखी किती हे वहीत लिहिता येईल. पण थापीला चुना कसा चिकटला की तो तयार झाला, आणि तसा तयार झालेला चुना याच बुरुजाच्या पश्चिम अंगाला दहा पावसाळ्यांनी कसा वागला, हे त्यालाच ठाऊक असतं.

युरोपने ही गोष्ट संस्थेत बांधून ठेवली. कोलोनच्या कॅथेड्रलचं काम १२४८ मध्ये सुरू झालं, मध्ये शतकानुशतकं रखडलं, १८८० मध्ये पुरं झालं. आणि पुरं झाल्यावरही तिथली कार्यशाळा बंद केली नाही. पाथरवट, सुतार, काचकाम करणारे आजही तिथे नोकरीवर आहेत. स्त्रासबूर, व्हिएन्ना, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम अशा ठिकाणच्या कार्यशाळांची ही पद्धत २०२० मध्ये युनेस्कोने जतनाचा अनुकरणीय नमुना म्हणून नोंदवली. पॅरिसचं नोत्र-दाम १५ एप्रिल २०१९ रोजी जळालं आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, याचं श्रेय सगळ्यांनी पैशाला आणि निर्धाराला दिलं. पण छपराचे ओक वासे कुऱ्हाडीने तासणारे हात आले कुठून? त्यांतले काही बर्गंडीतल्या गेदलोंचे होते. तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक किल्ला बांधून पाहण्याचा उद्योग तिथे १९९७ पासून चालू होता, आणि अनेकांच्या लेखी तो निव्वळ छंद होता. त्या छंदाने दोन दशकं पगार दिले म्हणून आगीनंतर सुतार मिळाले.

आपल्याकडे या विषयावर बोलताना रायगड बांधणारे हिरोजी इंदुलकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. रायगडच्या जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर कोरलेलं ‘सेवेचे ठायी तत्पर’ प्रत्येकाने वाचलेलं असतं. नाव इटळकर वाचायचं की इंदुलकर, हा वाद बाजूला ठेवू. गड बांधून झाल्यावर बक्षीस नाकारून त्यांनी फक्त पायरीवर नाव मागितलं, ही कथाही बाजूला ठेवू. ती सांगताना आपल्याला नोकराची नम्रता तेवढी आवडते, त्याचा पगार विचारावासा वाटत नाही. मला त्या पायरीत दिसते ती एका नोकरीची नोंद. हा माणूस या कामावर होता, एवढं तरी दगडाने मान्य केलं. (देवळाच्या संस्कृत शिलालेखातही त्यांचं नाव आहे.) आजच्या कोनशिलेवर मंत्री असतात, अध्यक्ष असतात, उपस्थित मान्यवर असतात, मिस्त्री नसतो. या संगमरवरी फळ्यांवर माझा जुना राग आहे आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

आक्षेप घेणारा इथे अथेन्सचं उदाहरण देईल, आणि ते अवघड आहे. निकोलाओस बालानोस या अभियंत्याने १८९८ पासून तीनेक दशकं ॲक्रोपोलिसवर काम केलं. एवढी दीर्घ सेवा, आणि परिणाम काय? त्याने संगमरवरात बसवलेले लोखंडी आकडे गंजून फुगले, दगड तडकले. प्राचीन कारागिरांनी लोखंडाभोवती शिसं ओतलं होतं. याने ती काळजी घेतली नाही. म्हणजे दीर्घ सेवा चूकही दीर्घ करते, हे मला मान्य करावं लागतं. पण पुढे पाहा. १९७५ मध्ये नवी समिती नेमली गेली, लोखंड काढून टायटॅनियम बसवायला सुरुवात झाली, आणि ते काम अजून चालू आहे. समितीत अभ्यासक होते, पण बालानोसने भलत्याच जागी बसवलेले दगड ओळखून आपापल्या जागी परत नेणं वर्षानुवर्षं छिन्नी धरलेल्या हातांशिवाय झालं नसतं. हिरोजींपाशी पुन्हा यायचं तर, तत्पर असणं पुरेसं नाही. तत्पराला प्रश्न विचारणारा कोणी हवा. सेवा तोडून टाकण्याचं समर्थन यातून निघत नाही.

लेझर स्कॅन आहे, सगळं नोंदवता येतं, असं म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देता येईल. नोत्र-दामचं स्कॅनिंग आगीच्या आधीच झालेलं होतं आणि ते उपयोगी पडलं. पण त्याने आकार सांगितला, वासा तासला नाही. पैशाचा आक्षेपही फार टिकत नाही. सर्वांत कमी दराची निविदा स्वस्त दिसते, कारण सिमेंट खरवडून काढण्याचा खर्च पुढच्या निविदेत येतो. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या छतावरून, मागच्या दुरुस्त्यांत चढवलेलं दहा लाख किलोंहून अधिक काँक्रीट उतरवावं लागलं. तो हिशेब कुठल्याच जुन्या ठेक्याच्या नावावर लागला नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो जातीचा आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी म्हणून आपण जे गौरवतो ते पुष्कळदा दुसरं काही करू न दिल्याचं फळ असतं. दगडाची धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो, चुना डोळ्यात उडाला तर नजर जाते. पाथरवटाच्या मुलाने पाथरवटच व्हावं ही अपेक्षा संवर्धनाच्या नावाखाली धरणं मला निर्लज्जपणाचं वाटतं. त्याने जरूर कारकून व्हावं, वकील व्हावं. पण मग त्या जागेवर कोणाच्याही मुलाला यावंसं वाटेल अशी ती जागा हवी : पगार, विमा, तोंडावर चांगला मास्क, आणि सेवापुस्तक. नेमकं सेवापुस्तकच नसतं. पुरातन वास्तूंवरची कामं वर्षानुवर्षं रोजंदारीच्या मस्टरवर चालतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी निकालात रोजंदारीवर राबल्याने कायम होण्याचा हक्क मिळत नाही असं ठरवलं. मंजूर पदावर दहा वर्षं काढलेल्यांसाठी एकवेळची वाट तेवढी ठेवली. डिसेंबर २०२४ मध्ये याच न्यायालयाने दीर्घकाळ राबवून घेतलेल्यांना तो निकाल दाखवून बाहेर काढण्याबद्दल सरकारी आस्थापनांना खडसावलं. आता वाद घालता येईल, अर्ज करता येईल. अर्जात मंजूर पद लिहावं लागतं, सलग सेवा दाखवावी लागते. आणि किल्ल्यावरच्या गवंड्याची सेवा दर पावसाळ्यात काम थांबलं की कागदावर तुटलेली असते, तो ऑक्टोबरात त्याच तटावर परत आलेला असला तरी.