लाटेला पाठ दाखवू नये

स्वित्झर्लंडच्या झरमॅट गावात पेट्रोलच्या मोटारींना बंदी. वर ४४७८ मीटरचा मॅटरहॉर्न, आणि स्कीच्या वाटा थेट इटलीतल्या चेर्विनियापर्यंत गेलेल्या. निळी वाट सोपी, लाल मध्यम, काळी कसलेल्यांची. रंग पाहून ज्याने त्याने आपली वाट धरावी. त्यात लाज कसली? पन्नाशी उलटलेला मी निळीवर, आणि पाच-सहा वर्षांची पोरं बाजूने सुळकन पुढे!

शिक्षक सांगायचा, स्कीची पुढची टोकं जवळ आण, टाचा फाकव, वेग आपोआप कमी होईल. पण मागे रेलू नकोस. भीती वाटली की अंग मागे जातं आणि नेमका तेव्हाच ताबा सुटतो. आमच्या गोव्यात समुद्रात उतरताना थोरली माणसं हेच सांगायची, लाटेला पाठ दाखवू नये. बर्फाचा नियम काही वेगळा नाही.

याच आल्प्समध्ये २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा सुमारे १० टक्के बर्फ वितळून गेला. ते पाणी शेवटी समुद्रालाच मिळतं. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना त्याकडेही पाठ फिरवता येणार नाही.