रायलँड्सच्या अंगणातली गोल्फ

केप टाउनला जाणारे बहुतेक जण टेबल माउंटन पाहतात, बो-कापची रंगीत घरे पाहतात, 1794 सालच्या अव्वल मशिदीत दोन रकात नमाज पढतात आणि परततात. आम्हीही तेच करणार होतो. पण खालाच्या घरी उतरलो आणि तीन दिवस तिच्या अंगणात एका जुन्या मोटारीखाली गेले. सफरीतले तेवढेच दिवस आम्हांला तपशीलवार आठवतात.

खाला राहते रायलँड्सला. वर्णभेदाच्या काळात ग्रुप एरियाज कायद्याखाली हा भाग 'इंडियन' ठरवला गेला आणि शहराच्या चांगल्या वस्त्यांतून उठवलेली कुटुंबे या वाळूच्या सपाटीवर येऊन पडली. त्यांत आपले कोकणी पुष्कळ. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माणसे इथे येत राहिली. आजही म्हातारी मंडळी घरात कोकणी बोलतात, नातवंडे इंग्रजीत उत्तर देतात, आणि दोघांचे बरे चालते.

डिसेंबर म्हणजे तिथला भर उन्हाळा. वाऱ्याचे नाव 'साउथ-ईस्टर', आणि तो अंगावर वाळू मारतो. अंगणात मरहूम खालूंची लाल सिटी गोल्फ उभी होती. ही गाडी तिथल्या लोकांच्या जिवाभावाची. युरोपात पहिल्या पिढीची गोल्फ बंद झाली तरी दक्षिण आफ्रिकेत उइटेनहागच्या कारखान्यात ती 2009 पर्यंत बनत होती.

खालाला काही महिन्यांपासून गाडीत बसले की डोके दुखे, मळमळे. उतरून मोकळ्या हवेत गेली की तासाभरात बरे. डॉक्टरांनी ब्लड प्रेशर पाहिले, चष्म्याचा नंबर पाहिला. घरच्यांनी वय धरले. शेवटी शंका आली ती तिच्या नातवाला. सकाळी थंड इंजिन सुरू केले की 'टिक टिक' असा आवाज येई आणि गाडी तापली की बंद होई. त्याने टॉर्च मारून पाहिले, तर बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला बारीक तडा आणि तड्याभोवती काजळी. लोखंड तापून फुगले की तडा मिटे, म्हणून आवाज जाई. पण पुरता मिटत नसावा. या गाडीत मॅनिफोल्ड इंजिनाच्या मागल्या बाजूला, केबिनच्या पत्र्याला लागून असतो आणि केबिनची हवा त्याच्याच वर, काचेच्या तळाशी आत घेतली जाते. म्हणजे खाला थोडा थोडा कार्बन मोनॉक्साइड श्वासात घेत होती. या वायूला वास नाही, रंग नाही. हे कळल्यावर त्या घरात कोणी कोणाकडे बघेना.

नातवाने जुन्याच्या जागी 'ब्रँच' बसवायचे ठरवले. हेडरला तिथे सगळे ब्रँचच म्हणतात. बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरांचा धूर आखूड वाटेने एकत्र कोंबला जातो. ब्रँचमध्ये चार लांब नळ्या, त्यांच्या दोन, मग एक. इंजिन 1-3-4-2 या क्रमाने पेटते, म्हणून पहिली नळी चौथीशी आणि दुसरी तिसरीशी जोडतात. एका सिलिंडरचा धूर जोराने निघाला की त्याच्या मागे दाब कमी होतो आणि तो जोडीदाराचा धूर ओढायला मदत करतो. फायदा वरच्या वेगात. बाजारहाटाच्या गाडीला त्याचे काय, असे आम्ही म्हणालोही. पोरगा हसला. "मामू, मॅनिफोल्ड बदलायचाच आहे, तर थोडी माझी हौस."

खालाने दारातूनच अट घातली, "आवाज वाढला तर मी बसायची नाही. अब्दस्त करून मशिदीपाशी फटफट करत उतरू की काय?" म्हणून पुढचे पाइप बदलले तरी मागचा सायलेन्सर कंपनीचाच राहिला. आपल्याकडे पोलिस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात, ते चित्र आम्हांला आठवले. ज्या घरांत बुलेटवाले चिरंजीव आहेत त्यांना जास्त सांगायला नको.

आदल्या रात्री प्रत्येक नटावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. सकाळी बॅटरीची तार काढली, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता लोखंडी स्टँडवर घेतली. या इंजिनात कार्बोरेटरचा मॅनिफोल्ड आणि धुराचा मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक, म्हणून आधी वरचे सगळे उतरवावे लागते. सात नट निघाले. आठवा, अर्थात सर्वांत खालचा, कट् करून स्टडासकट तुटला. पोरगा पाना टाकून पायरीवर जाऊन बसला. गाडी दादाजींची, आणि ती आपल्या हातून बाद झाली असे त्याला वाटले असावे. जोहरची अजान झाली, आम्ही नमाज पढून आलो, तरी तो तिथेच.

शेवटी समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ वेल्डिंग मशीन ढकलत आले. त्यांचे बालपण डिस्ट्रिक्ट सिक्समधले. 1966 मध्ये ती वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि पुढे साठ हजारांवर माणसे उठवली गेली. यांची हयात मोटारींचे पत्रे ठोकण्यात गेली. तुटक्या स्टडावर त्यांनी नवा नट ठेवला, भोकातून वेल्ड मारला. स्टड पोलादाचा, हेड अॅल्युमिनियमचे. तापल्यावर अॅल्युमिनियम जास्त फुगते आणि पकड सुटते. लाल नट जरा निवू दिला, पाना लावला, पुढे-मागे, पुढे-मागे करत स्टड बाहेर आला. "घाई केली असती तर आटे गेले असते," एवढेच बोलले. पैसे घेतले नाहीत, जेवायला मात्र थांबले.

नव्या पॅकिंगवर ब्रँच बसवली. नट मधून कडेकडे, थोडे थोडे आवळायचे. एका टोकापासून आवळत गेले तर फ्लँज तिरकी बसते आणि पुन्हा तीच गळती. गाडी अंगणात ढकलून सुरू केली, कारण नव्या नळ्यांवरचे तेल-रंग जळून सुरुवातीला भरपूर धूर होतो. गॅरेजात इंजिन चालवायचेच नाही. दार उघडे असले तरी नाही. टिक टिक गेली होती. मगरिबला अजून अवकाश होता, तिथे डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास बुडतो.

रविवारी सकाळी इंजिन थंड असताना पोराने नट पुन्हा तपासले, दोन किंचित फिरले. मग खाला पुढे बसली, आम्ही मागे. वाटेत एका घरातून गरम कुसिस्टर घेतले. पाकात बुडवून खोबरे भुरभुरवलेले हे गोड वडे तिथे रविवारी सकाळीच मिळतात. वारा होता म्हणून खालाने काचा वर करायला लावल्या. नातवाने आरशातून आमच्याकडे पाहिले आणि काच बोटभर खाली ठेवली. म्यूझेनबर्गच्या किनाऱ्यापर्यंत त्याने तिला तीनदा विचारले, "दादी, डोकं?"

तिसऱ्यांदा ती म्हणाली, "डोकं बरं आहे रे. तुझ्या या फटीने कुसिस्टर थंड झाले."