जुळणी

‘जुळणे’ या क्रियापदाचा आपल्याला फार सोस आहे. पत्रिका जुळते, सूर जुळतात, हिशेब जुळतो. आणि दोन जावांचे जुळले तर ती वार्ता शेजारच्या चार बिऱ्हाडांत पोहोचते. जुळणे म्हणजे सारखे असणे, अशी आपली ठाम समजूत. ती निदान विजेच्या बाबतीत तरी अर्धीच खरी आहे, हे मला, मराठीच्या प्राध्यापकाला, आमच्या चिरंजीवांच्या खोलीत कळले.

चिरंजीव गाणी ध्वनिमुद्रित करतात. गाणे संगणकात असते, म्हणजे नुसत्या आकड्यांत. पण त्यांना हवा असतो जुन्या काळचा गोडवा. म्हणून कन्व्हर्टर नावाची पेटी त्या आकड्यांची वीज करते, ती वीज एका जुन्या धाटणीच्या इक्वलायझरमधून फिरून येते आणि कन्व्हर्टर तिचे पुन्हा आकडे करतो. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा माझ्याकडे करुणेने पाहण्यात आले.

परवा असाच एक वापरलेला इक्वलायझर घरी आला. पण तो जोडल्यावर गोडवा दूरच राहिला, गाणाऱ्या मुलीचे ‘स’ आणि ‘श’ टाचणीसारखे टोचू लागले. ऊष्म वर्ण इतके ऊष्म मी कधी ऐकले नव्हते.

दारात अण्णा उभे होते. माझे वडील दूरसंचार खात्यातून निवृत्त झाले, त्याला पुष्कळ वर्षे झाली. ‘अण्णा, तुम्ही बसा’ हे आमच्या घरचे प्रेमळ पालुपद आहे. पण हल्ली बसल्या बसल्या त्यांचा आवाज चढतो; कधी लिफ्टच्या उघड्या दारावरून, कधी वर्तमानपत्राच्या चुकलेल्या घडीवरून. नातू आपली खोली बंद करून घेतो.

‘‘आत ट्रान्सफॉर्मर आहे ना?’’ अण्णांनी विचारले. ‘‘सहाशेच्या लाईनचा असणार. पुढे भार किती?’’

‘‘कन्व्हर्टरचा इनपुट दहा हजार ओहमचा आहे.’’

‘‘म्हणजे भारच नाही. मग तो किंचाळणारच!’’

आणि मग तासभर अण्णा बोलत होते नि चिरंजीव ऐकत होते. मला जे उमगले ते असे. प्रत्येक उपकरण विजेच्या वाटेत काही अडथळा घालते. त्याला इम्पीडन्स म्हणतात. आपल्या शास्त्रग्रंथांत ‘संरोध’. खांबांवरून जाणाऱ्या जुन्या टेलिफोनच्या तारांचा संरोध सुमारे ६०० ओहम असे. मैलोगणती जाताना आवाज क्षीण होई, म्हणून शक्तीचा कणही सांडून चालत नसे. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संरोध सारखा असला की जास्तीत जास्त शक्ती पलीकडे पोहोचते आणि लांबच्या तारेतून प्रतिध्वनीही मागे येत नाही. मात्र विजेचा दाब निम्माच उरतो. हाच आकडा पुढे रेडिओ केंद्रांनी आणि स्टुडिओंनी उचलला. ६०० ओहममध्ये एक मिलिवॅट शक्ती म्हणजे ०.७७५ व्होल्ट. आज ते ६०० ओहम स्टुडिओतून बहुतेक गेले, पण मोजपट्टीचे शून्य अजून त्या ०.७७५ व्होल्टवरच बसले आहे. १९५७ साली नवे पैसे आले, तरी आपण ‘सोळा आणे खरे’ म्हणतोच की!

आता देणारी पेटी शंभरेक ओहमची असते आणि घेणारी दहा हजारांची किंवा त्याहून अधिक. घेणारी इतके थोडे ओढते की देणारीच्या दाबातले शंभरांतले नव्व्याण्णव हिस्से तसेच पोहोचतात. सारखेपणा नाही, तरी निरोप पुरता पोहोचतो.

पण जुन्या पेट्यांची घडण निराळी. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांना उंच स्वरांत आपल्याच नादात थरथरण्याची खोड असते. समोर ६०० ओहमचा भार असला की ती आवरते. तो काढून घेतला की स्वर कर्कश होतो.

अण्णांनी १२०० ओहमचे दोन रेझिस्टर मागितले आणि ते शेजारी शेजारी, इक्वलायझरकडून येणाऱ्या दोन तारांच्या मध्ये जोडले. दोन बाराशे असे जोडले की सहाशे होतात, हे गणित मला अजून उलटेच वाटते. चहाच्या कपाहून स्वस्त सामान! आवाज थोडा खाली आला, तो चिरंजीवांनी वाढवून घेतला. पण ‘स’ आणि ‘श’ पुन्हा माणसांत आले.

‘‘म्हणजे प्रत्येक पेटीला हे लावायचे?’’ मी विचारले.

‘‘छे! ज्याची घडण त्या भारासाठी झाली असेल, त्यालाच. एखाद्या नव्या पेटीवर हे टाकशील, तर ती धापा टाकील.’’

त्या रात्री मी बराच वेळ विचार करीत होतो. बोलणाऱ्याने अडवू नये आणि ऐकणाऱ्याने फार ओढू नये, ही नव्या काळची जुळणी सुरेखच आहे. पण काही माणसे भार वाहण्यासाठीच घडलेली असतात. त्यांचा भार आपण मायेने उतरवून ठेवतो आणि वर म्हणतो, हल्ली यांचा आवाज फार चढतो.

काल अण्णांनी जाहीर केले, आकाशकंदिलाची वायर कुजली आहे, ती मी बदलणार. आमचे पालुपद माझ्या ओठांवर आले होते. पण तोवर नातवाने पक्कड आणून त्यांच्या हातात दिलीसुद्धा.