मामूंची फाइल
भिवंडीहून मामेभावाचा ईमेल आला. मामूंनी शेवटच्या आजारपणात सांगितलेल्या आठवणी त्याने उर्दूत टाइप करून घेतल्या होत्या. आण्यात रेंज येते-जाते, फाइल उतरायलाच वेळ लागला. उघडली तर वर्डमध्ये नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. शेजारी अम्मी चष्मा लावून तयार. "क्या लिखे भाईने?"

फाइलच्या नावापुढचं 'आयएनपी' पुसून 'डॉक' केलं. (बीएडला बसून हे शिकलो म्हणायचं!) उपयोग शून्य. नाव बदलल्याने आतला मजकूर थोडाच बदलतो? ती इनपेजची फाइल होती. उर्दू छपाईत 1994 पासून वापरात असलेल्या या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत अक्षरांचे संकेत युनिकोडचे नाहीत, त्यामुळे वर्डला ते कळत नाहीत. श्रीलिपीतली जुनी मराठी प्रश्नपत्रिका फॉन्टशिवाय उघडली की 'कखग'च्या जागी भलतंच दिसतं, तसाच हा प्रकार. फाइल धड होती.

मामेभावाला फोन केला, "इनपेजमधूनच पीडीएफ करून पाठव."

आली. नस्तालीक अक्षरं पडद्यावर उमटली आणि अम्मी पुढे सरकली. तिसऱ्या पानावर तिच्या लग्नाची हकीकत होती. निकाहानंतर तिला माळशेज घाटातून एसटीनं आण्याला कसं पोहोचवलं, ते मामूंनी रंगवून सांगितलं होतं.

"झूट," अम्मी म्हणाली. "ट्रकसे आये थे हम."