ल्योंची वजडी

ल्यों शहरातून दोन नद्या वाहतात, रोन आणि सोन. तिसरी नदी ब्योजोले वाइनची, असं फ्रेंच लोक थट्टेनं म्हणतात. आमच्या गोतावळ्यातल्या निम्म्या मंडळींना ही तिसरी नदी वर्ज्य होती आणि उरलेल्या निम्म्यांना ती नाश्ता चालू असतानाच दिसायला लागली होती.

पॅरिसमध्येच आमच्यात दोन तट पडले होते, बघे आणि खवय्ये. बघ्यांची पुढारी आत्या. तिच्या वहीत प्रेक्षणीय स्थळांची यादी होती आणि एकेका स्थळावर ती बँकेतल्या जुन्या कारकुनासारखी बरोबरची खूण करत पुढं सरकायची. खवय्यांचे म्होरके कोल्हापूरचे दाजी. त्यांचं म्हणणं एवढंच, की पुतळा काही उठून जात नाही, रस्सा मात्र निवतो. या दोघांच्या मध्ये सोलापूरचे काका. त्यांना ना बघायची हौस ना खायची. मुलानं तिकीट काढलं म्हणून ते आले होते. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, तोंडात सुपारी आणि चेहऱ्यावर 'चला, घरी कधी जायचं?' हा एकच भाव.

ल्योंत पहिल्या दिवशी आत्याचं राज्य होतं. फ्युनिक्युलरनं आम्ही फुर्व्हिएरच्या टेकडीवर गेलो. वर पांढरीशुभ्र बॅसिलिका आहे, चार कोपऱ्यांना चार बुरूज. १८७२ मध्ये तिचं बांधकाम सुरू झालं. ल्योंकरांना ती उताण्या पडलेल्या हत्तीसारखी दिसते. चार बुरूज म्हणजे वर केलेले चार पाय. हे मी सांगितल्यावर आत्यानं थांबून नीट पाहिलं आणि हात जोडले. म्हणाली, "उताणा असला म्हणून काय झालं, गजाननच तो."

शेजारीच रोमन नाट्यगृह आहे. रोमन लोकांनी इसवीसनापूर्वी ४३ मध्ये लुग्दुनुम नावानं ही वसाहत वसवली आणि पुढं तीस वर्षांच्या आत हे नाट्यगृह बांधायला घेतलं. दोन हजार वर्षांच्या त्या दगडी पायऱ्यांवर बसून आम्ही चिवड्याचा डबा उघडला. रोमन सम्राट क्लॉडियस याच गावात जन्मला, ही माहिती मी पुरवली. दाजींनी विचारलं, "तो काय खायचा?" या प्रश्नाचं उत्तर आत्याच्या वहीत नव्हतं.

बेलकूर चौक, त्यातला घोड्यावरचा चौदावा लुई, 'छोटा राजकुमार' लिहिणाऱ्या सेंट-एक्झुपेरीचा पुतळा, हे सगळं आत्यानं दुपारच्या आत उरकलं. बेलकूर मला ओकाबोका वाटला. एवढा मोठा चौक आणि बसायला धड सावली नाही.

खरं गाव भेटलं ते सोनच्या काठावरच्या जुन्या वस्तीत. इथं त्राबूल असतात. रस्त्यावरचं एखादं साधं लाकडी दार ढकलायचं, की आत बोळ लागतो. ओल्या दगडाचा वास, पायाखाली उतार, पुढं उजेडाचा चौकोन. तो चौकोन म्हणजे कुणाच्या तरी घराचं अंगण निघतं: गोल जिन्याचा मनोरा, कोपऱ्यात टपालपेट्या, भिंतीला टेकवलेली सायकल. अंगण ओलांडून पुन्हा बोळात शिरायचं आणि भलत्याच रस्त्यावर बाहेर यायचं. सें-जां रस्त्यावरच्या ५४ नंबरच्या दारातून आत गेलं की माणूस ब्योफ रस्त्यावरच्या २७ नंबरच्या दारातून बाहेर पडतो. जुन्या वस्तीतला सगळ्यांत लांब त्राबूल हाच. नदीपल्याडच्या विणकरांच्या टेकडीवर याच बोळांतून रेशमाचे तागे पावसात न भिजता खाली उतरायचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना चुकवायला भूमिगतांना हेच बोळ कामाला आले.

आत माणसं राहतात, तेव्हा आवाज करू नका, अशी पाटी आहे. आवाज न करणं हा आमच्या घराण्याचा गुण नाही. बोळात प्रतिध्वनी येतो हे भाच्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं "हर हर महादेव" म्हणून पाहिलं. वरची खिडकी उघडली. एका बाईंनी डोकं बाहेर काढून नुसतं "बाँझूर" म्हटलं. आवाज गोड होता, पण आमच्या सात पिढ्यांचा उद्धार त्या एका शब्दात झाला. आत्यानं मान वर करून दुप्पट पट्टीत "बाँझूर हो!" असं प्रत्युत्तर दिलं. खिडकी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी काका बोलायला लागले. हे सहलीतलं सर्वांत मोठं आश्चर्य, आणि ते कुठल्याच यादीत नव्हतं.

क्र्वा-रूस ही ल्योंची दुसरी टेकडी, विणकरांची. इथल्या विणकरांना कान्यू म्हणतात. घरं बाहेरून चाळीसारखी, पण आत छत चार मीटरवर, कारण घरातच माग उभा करायचा असे आणि मागावर जॅकार्डचं यंत्र बसवायचं असे. जोसेफ मारी जाकार याच गावचा. १८०४ मध्ये त्यानं ते यंत्र सिद्ध केलं. त्याआधी नक्षी विणायची तर विणकराशिवाय आणखी एक पोरगं लागायचं. ताण्याच्या दोऱ्या नेमक्या क्रमानं ओढत ते दिवसभर मागाजवळ उभं असायचं. जाकारनं त्या पोराच्या जागी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावली. जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला धागा वर उचलला जातो. जिथं भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. एका पुठ्ठ्यात एका ओळीची नक्षी. पुढं बॅबेजनं आपल्या गणकयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली.

एका जुन्या मागावर प्रात्यक्षिक चालू होतं. विणकरानं पावडी दाबली. वरून पुठ्ठा फिरला, खट्ट. धोटा सर्रकन गेला. काका गर्दीतून वाट काढत पुढं झाले आणि दोरीच्या कठड्यावर जवळजवळ झोपलेच. सोलापुरी चादरीवरचा मोर असाच उतरतो, हे त्यांनी आम्हाला नाही, त्या फ्रेंच विणकराला सांगितलं. मराठीत. मग बोटांनी विचारलं, धागा तुटला तर कळतं कसं? विणकरानं माग थांबवला, मुद्दाम एक धागा सोडला आणि गाठ मारून दाखवली. काकांनी मान हलवली. त्यांची गाठ निराळी होती. त्यांनी खिशातला सुतळीचा तुकडा काढला. त्या दोघांचं पुढची वीस मिनिटं काय चाललं होतं ते बाकीच्या गर्दीला कळलं नाही, पण कुणी हललंही नाही.

बाहेर आल्यावर मी काकांना १८३१ ची गोष्ट सांगितली. विणकरांनी मजुरीचा किमान दर मागितला, तो ठरलाही, पण काही व्यापाऱ्यांनी मानला नाही. नोव्हेंबरात कान्यू टेकडीवरून खाली उतरले आणि काही दिवस सगळं शहर त्यांच्या ताब्यात होतं. काकांनी ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "दर ठरवून न देणारे सगळीकडं असतात." मग त्यांनी आपण होऊन विचारलं, "हे विणकर खायचे काय?"

दाजी या क्षणाची वाटच बघत होते.

ल्योंच्या खास खाणावळींना बुशों म्हणतात. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, एकमेकांना खेटून मांडलेली टेबलं, कोपर शेजाऱ्याच्या ताटात जाईल अशी बैठक. मेन्यू काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेला. वेटर तो फळाच उचलून आणतो आणि खुर्चीला टेकवून ठेवतो. वाइन जाड बुडाच्या बाटलीतून येते, मावते ४६ सेंटीलिटर, अर्ध्या लिटरला थोडी कमीच. पदार्थ पाहावेत तर वासराचं मुंडकं, डुकराचे खूर, आतड्यांचं सॉसेज, रक्ताचं सॉसेज. पहाटेपासून माग चालवलेला विणकर सकाळीच असलं काहीतरी भरपेट खाऊन घ्यायचा. चांगलं मांस शेठजीच्या घरी जाई. कान्यूच्या वाट्याला उरेल ते येई. त्या उरलेल्याचं ल्योंनं काय केलं, हे पाहायला आता जगभरातून माणसं येतात आणि वर बिल भरतात.

दाजींनी फळ्यावर बोट ठेवून 'ताब्लिए द सापर' मागवलं. आलं ते ब्रेडचा चुरा लावून तळलेलं, तळहाताएवढं काहीतरी. त्यांनी सुरीनं कवच उचकटलं, आत डोकावले आणि सगळी खाणावळ वळून बघेल अशा आवाजात म्हणाले, "वजडी! आरं ही आपली वजडी हाय!" पुढची पंधरा मिनिटं ते कुणाशी बोलले नाहीत. शेवटी ताट पावानं पुसून निकाल दिला, की तिखट कमी आहे, पण धुतलीय झकास. वजडीची पारख धुण्यावर होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रशस्तीचं वजन कळेल.

शाकाहाऱ्यांची बाजू मात्र लंगडी होती. मांस नको म्हटल्यावर वेटरनं मोठ्या आपुलकीनं सॅलड सुचवलं. हिरवी कुरळी पानं, वर अर्धकच्चं उकडलेलं अंडं आणि त्यात पेरलेले डुकराच्या चरबीचे परतलेले तुकडे. आत्यानं तुकड्यांकडे बोट दाखवलं. वेटर म्हणाला, हे मांस नव्हे, हे चवीपुरतं. अखेर कान्यूंच्याच नावाचं एक ताजं चीज आलं, लसूण, कांद्याची पात आणि व्हिनेगर घालून घोटलेलं. फळ्यावर त्याच्या नावात 'मेंदू' आहे, हे मी जेवण संपेपर्यंत सांगितलं नाही. आत्यानं ते पावाला लावून चाखलं, काकांच्या पिशवीतली चटणी वर भुरभुरली आणि दुसरी वाटी मागवली. वेटरनंही चिमूटभर चटणी चाखली, डोळे पुसले आणि आत जाऊन आचाऱ्याला घेऊन आला.

मला त्या बुशोंत गिरणगाव दिसलं. ल्योंची कीर्ती मोठ्या टोप्यावाल्या पुरुषांची मानली जाते. पोल बोक्यूज या आचाऱ्याचं नाव इथल्या मंडईलाही दिलेलं आहे. पण पाया घातला तो बायकांनी. त्यांना इथं 'मेर', म्हणजे आईच, म्हणतात. श्रीमंतांच्या घरच्या या स्वयंपाकिणी नोकरी सुटल्यावर स्वतःच्या खाणावळी काढून बसल्या. त्यांतली युजेनी ब्राझिए शेतावर वाढलेली, दहाव्या वर्षी आई गेलेली, पुढं लग्नाशिवाय झालेलं मूल पदरी. १९२१ मध्ये तिनं खाणावळ काढली आणि १९३३ मध्ये तिच्या दोन्ही खाणावळींना मिशलॅनचे तीन-तीन तारे मिळाले. तोवर एवढे तारे कुणाच्याच नावावर नव्हते. बोक्यूज तिच्याच हाताखाली शिकला. आमच्या लालबाग-परळच्या खाणावळवाल्याही गिरणी कामगारांच्या पोटावरच संसार चालवत होत्या. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये त्यांची अन्नपूर्णा संघटना बांधली तेव्हा कुठं त्यांना बँकेची पायरी चढता आली. तारा त्यांना कुणी दिला नाही. हाताला चव नव्हती म्हणून नव्हे, मोजणारा तिकडं फिरकला नाही म्हणून.

तिसऱ्या दिवशी भाच्याची पाळी होती, त्याला सिनेमाचं वेड. मोंप्लेझीर भागात ल्युमिएर कुटुंबाचा वाडा आहे आणि त्याच्या आवारात त्यांच्या जुन्या कारखान्याची शेड राखून ठेवलेली आहे. १८९५ च्या मार्चमध्ये ल्युमिएर बंधूंनी या कारखान्याच्या दारासमोर कॅमेरा ठेवला आणि काम सुटल्यावर बाहेर पडणारी माणसं टिपली: लांब झग्यांतल्या बाया, सायकलवाले, एक कुत्रा. जेमतेम पाऊण मिनिट. पुढच्याच वर्षी ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ही चित्रं दाखवली गेली, हीही त्यांत होती. तीनच वर्षांनी सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईत कुस्तीची चित्रफीत घेतली. भाचा हे सगळं हरखून सांगत होता. दाजींनी पडद्यावर दारातून लगबगीनं निघालेल्या बाया पाहिल्या आणि म्हणाले, "बघ की, जेवायची सुट्टी झालीय."

शेवटची दुपार मंडईत गेली. गुलाबी प्रालीनची टार्ट तिथं मिळते. बदामावर लाल साखरेचं कवच चढवून ते सायीत वितळवतात, रंग असा की लग्नातला शालू लाजावा. टार्टमध्ये अंडं आहे का, हे विचारायचं नाही असा ठराव एकमतानं पास झाला. सूचक आत्या, अनुमोदक काका.

तुमच्या टोळीतही बघे आणि खवय्ये असणारच. तेव्हा पॅरिसचे दोन दिवस कापा आणि ल्योंला द्या. टीजीव्ही गाडीनं दोन तासांचा तर रस्ता. टेबल आधी सांगून ठेवा, शाकाहारी असाल तर तेही तेव्हाच सांगा, दारातून आत जाताना न विसरता बाँझूर म्हणा आणि बाराला खुर्चीत बसा. दुपारी दोनच्या सुमाराला बुशोंची चूल थंड होते, ती संध्याकाळी सातच्या आत पेटत नाही.