दळीचा कागद आणि तुझा कागद

दादा,

परवा फोनवर तू विचारलंस, "रात्रभर तिथे बसून करतेस तरी काय?" मागून वहिनी हसली, ते ऐकलं मी. शिफ्टला उशीर होत होता म्हणून 'कॉम्प्युटरचं काम' सांगून सुटले. आता नीट सांगते. हे छापायला देऊ का, तेही मी तुला विचारलं होतं. "नाव घालू नको, बाकी काय लिहायचं ते लिही," म्हणालास. म्हणून वाडीचंही नाव घालत नाही. कर्जत-खालापुरात ठाकुरवाड्या काय थोड्या आहेत?

ऐरोलीला बसून आम्ही अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचतो. डॉक्टरने पेशंटबद्दल जे लिहिलंय त्याला कोड लावायचा, त्या कोडवर तिथला विमा पैसे देतो. तुझ्या आजारालाही कोड आहे. बायपोलर म्हणजे एफ ३१. मन उसळलेलं आणि त्यात भास-भ्रम असतील तर एफ ३१.२. मन पार खचलेलं आणि तेव्हा भास-भ्रम असतील तर एफ ३१.५. डॉक्टर नुसतं 'बायपोलर' लिहून मोकळा झाला तर ३१.९, आणि त्यावर विमावाले नाक मुरडतात. नियम असा की जे लिहिलेलं नाही ते लावायचं नाही. गोळ्यांच्या यादीत लिथियम दिसतं, ओलान्झापिन दिसतं, मला सगळं कळतं. तरी 'भास होते' असे शब्द नसतील तर मी माझ्या मनाने ३१.२ लावू शकत नाही. डॉक्टरला लेखी विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची.

तिथल्या कुणाच्या तरी एका राहिलेल्या शब्दासाठी मी इथून विचारणा पाठवते. तुझ्या कागदासाठी कुणी पाठवली?

आठवतं ना, भिवपुरीकडच्या विजेच्या टॉवरखाली तू उभा राहायचास? तारांतून हुकूम येतात म्हणायचास. झोप नाही, जेवण नाही, बोलणं थांबत नाही. शेळ्या विकल्यास, कणगीतलं भात वाटून टाकलंस, माथेरानचा डोंगर सरकार तुझ्या नावावर करणार म्हणून वाडीला जेवायचं आवतण दिलंस. आई भगताकडे गेली. मी तिला बोल लावत नाही. भगत मध्यरात्री हाक मारली तरी उठून येतो, डॉक्टरकडे जायला सकाळची गाडी यावी लागते. मग पावसाळा सरला आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलास. "मी मेलोय, मला अजून जाळलं का नाही?" असं वहिनीला विचारायचास. ती तुझ्या तोंडात पेज घालायची आणि तू म्हणायचास, मेलेल्याला कशाला भरवतेस.

पहिलं सोंग एका दवाखान्याने पाहिलं, दुसरं दुसऱ्याने. पहिल्या केसपेपरवर एवढंच होतं: सायकोसिस, तीन गोळ्या, पंधरा दिवसांनी या. दुसऱ्यावर स्किझोफ्रेनिया. दोघांनीही समोर दिसलं ते लिहिलं. पण हा आजार एका भेटीत दिसत नाही, दादा. जर्मनीत एमिल क्रेपेलिन नावाचे डॉक्टर होते. ते प्रत्येक रुग्णाचं वेगळं कार्ड ठेवायचे आणि पुढे वर्षानुवर्षं त्याचं काय झालं ते त्यावर टिपायचे. भास तर स्किझोफ्रेनियातही असतात आणि तुझ्या आजारातही, पण काहींचं मन चढतं, उतरतं, मध्ये चांगलं राहतं, हे त्यांना त्या टिपणांतून दिसलं आणि १८९९च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दोन आजार वेगळे मांडले. तुझे मधले चांगले महिने कुणाच्या कागदावर होते? त्या महिन्यांत तू दवाखान्यात जातच नव्हतास.

आणि जे दोन-चार कागद होते, ते तू बरा झाल्यावर चुलीत घातलेस.

याचा राग अजून गेलेला नाही माझा. दुसऱ्या कुणी जाळले असते तर म्हटलं असतं, अडाणी आहे, जाऊ दे. पण तू? वाडीच्या दळीचे, म्हणजे कसतो त्या जंगलजमिनीचे, कागद दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगणारा तू? वनहक्काच्या दाव्याच्या वेळी १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून आपण ही जमीन कसतो, हे प्रांत ऑफिसात खणखणीत सांगणारा तू. माझं जात पडताळणीचं अडलं, आम्ही ठाकूर कशावरून असं विचारलं गेलं, तेव्हा जुन्या कोतवाल बुकातून पणजोबांची १९५०च्या आधीची नोंद शोधून नक्कल आणलीस. त्या नकलेवर मी शिकले. आज जी खुर्ची आहे ती तिच्यामुळे. ज्याने दुसऱ्यांचे एवढे कागद राखले त्याला स्वतःच्या कागदाची लाज वाटावी?

लाजच होती ती, मला माहीत आहे. एकदा म्हणालास, "कागद असला की लोक वाचतील." वाचणार नाहीत. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. त्याच कायद्यात आपली नोंद दवाखान्याकडून मागून घ्यायचाही हक्क आहे, पंचविसावं कलम. आतल्या काही गोष्टी रोखून ठेवायची मुभा त्यांना आहे, पण तसं त्यांना सांगावं लागतं. तेव्हा अर्ज करून जुन्या नकला मागायच्या. अर्ज मी लिहीन, सही तुझी.

दिव्यांगाच्या दाखल्याचंही यावरच अडतं. मानसिक आजारासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी लावतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, कामधंदा, या चारांना प्रत्येकी ० ते ४ गुण; शिवाय आजार किती वर्षांचा, त्याचे गुण वेगळे. दोन वर्षांच्या आतला असेल तर १, दहाच्या वर असेल तर ४. सात गुणांना चाळीस टक्के धरतात, आणि सवलती बहुतेक तिथून सुरू. तुझी वर्षं मोजणार कशावर? चुलीतल्या राखेवर? त्यातून तू अलिबागला जाणार चांगल्या दिवशी, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. साहेब विचारणार, "काय होतं तुम्हाला?" तू म्हणणार, "काही नाही साहेब, बरा आहे."

आपल्या कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था आहे. २०१८ला त्यांना मॅगसेसे मिळालं, तेव्हा तू पेपर दाखवला होतास. रस्त्यावर भरकटलेली माणसं तिथे आणतात. कुणाकडे एक चिठोरं नसतं, आपलं नाव सांगता येत नाही. औषधाने हळूहळू बोलती झाली की गाव विचारतात आणि थेट घरी नेऊन पोचवतात. त्यांची सुरुवात कोऱ्या कागदापासून होते. तुझी का व्हावी? तुला सांगणारी बायको आहे, बहीण आहे. वहिनीला म्हणावं, डॉक्टरसमोर गप्प बसू नकोस. तुझी झोप कधी उडाली, पैसे कधी उधळायला लागलास, हे तिला तुझ्याआधी कळतं. कॅलेंडरवर ती दुधाचा हिशोब मांडते ना, तिथेच शेजारी मांडू दे.

लावणी तोंडावर आलीय. त्याआधी लिथियमची रक्ततपासणी करून घे. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. चिखलात घाम गाळून पाणी कमी प्यायलास किंवा हगवण-उलट्या झाल्या की रक्तातलं लिथियम चढतं. कंबर धरली म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणून परस्पर घेऊ नकोस, तिनेही चढू शकतं. हात जास्त थरथरले, तोल गेला, जीभ जड झाली तर लावणी तशीच टाकून कर्जत गाठ. लोक काय म्हणतील ते म्हणू देत, तुझ्या वाट्याची लावणी मी येऊन करीन.

आणि रिपोर्टवर तारीख बघ. नसेल तर तिथेच उभा राहून घालून घे. तहसीलच्या कारकुनाकडून शिक्का काढून आणणारा माणूस तू, तुला काय अवघड आहे? फोटो मला पाठव, मूळ कागद तुझ्याकडेच, दळीच्या पिशवीत.

तुझी धाकटी